प्रमुख अचानक पद सोडतो तेव्हा

ज्यांनी सरकारी कचेरीत, एस.टी.त, आयुर्विमा महामंडळात किंवा नगरपालिकेत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली, त्या वाचकांना ‘चार्ज देणे’ हा शब्दप्रयोग चांगला परिचित असेल. साहेबांची बदली झाली तरी ते सहसा एका दिवसात उठून जात नसत. नवा अधिकारी येई, कपाटांच्या किल्ल्या, रोकड आणि प्रलंबित फायली यांची मोजदाद होई, दोघांच्या सह्या होत आणि मग हार, नारळ व चार शब्दांचे भाषण होऊन निरोप दिला जाई. हा सोपस्कार वरवर कोरडा वाटत असला, तरी मागे राहणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचे त्यातून मोठे रक्षण होत असे, असे वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटू लागले आहे.

आज अनेक ठिकाणी चित्र निराळे आहे. शुक्रवारी सायंकाळी व्यवस्थापकाचा राजीनामा येतो, सोमवारी खुर्ची रिकामी असते, आणि त्याच्या हाताखालच्या आठ-दहा जणांना नेमके काय घडले हे कोणीच सांगत नाही. घोडबंदर रस्त्यावरील चेणे येथे माझ्याकडे येणारे नोकरदार कोणी ठाण्यातील कार्यालयांत, कोणी काशिमीऱ्याच्या हॉटेलांत, तर कोणी भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत कामाला जातात. ‘आमच्या साहेबांनी राजीनामा दिला’ अशी तक्रार घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही. तक्रार असते छातीतील जळजळीची, आखडलेल्या मानेची, पहाटे तीन वाजता उघडणाऱ्या डोळ्यांची. औषध लिहून झाल्यावर, दाराशी पोहोचता पोहोचता, खरे कारण बाहेर येते: ‘आमचे मॅनेजर अचानक गेले हो, डॉक्टर. आता आमचे काय होणार ते कळत नाही.’ पुष्कळदा तर ही गोष्ट त्या माणसाची आईच सांगते. ‘पंधरा दिवस झाले, हा धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. तुम्ही जरा विचारा त्याला.’

म्हणून हा विषय ज्येष्ठांसाठी आणि घरात कोणाची तरी काळजी वाहणाऱ्यांसाठी मुद्दाम निवडला आहे. कचेरीतील रिकामी खुर्ची घरातील जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचते. शिवाय ज्यांच्यावर ज्येष्ठांचे आरोग्य अवलंबून असते ती रुग्णालये, वृद्धाश्रम आणि घरी येणाऱ्या मावशी-मामांचे ब्युरो हीदेखील कोणाची तरी कामाची ठिकाणेच आहेत. तेथील प्रमुख एकाएकी गेला, तर त्याची झळ थेट रुग्णाला लागते.

जे.जे.तील ते दिवस

याचे एक ठळक उदाहरण अनेक वाचकांना आठवत असेल. ३१ मे २०२३ रोजी मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या जे.जे.च्या, नेत्रविभागातील नऊ डॉक्टरांनी एकाच वेळी राजीनामे दिल्याचे जाहीर झाले. त्यांत विभागप्रमुख डॉ. रागिणी पारेख होत्या आणि वैद्यकीय शिक्षण संचालक पदावरून निवृत्त झाल्यानंतर तेथे सेवा देणारे पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि गावोगावची शिबिरे यांमुळे हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले. शस्त्रक्रिया करण्याची पुरेशी संधी मिळत नाही, अशी तक्रार विभागातील निवासी डॉक्टरांनी केली होती आणि त्यांनी संपाचा मार्ग धरला होता. आपली बाजू ऐकून न घेताच चौकशी चालवली गेली, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. कोणाचे म्हणणे किती योग्य होते, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला पाहायचे आहे ते इतकेच, की विभागाचे नेतृत्व एका दिवसात बाजूला झाले, की मागे काय उरते.

नेत्रविभाग म्हणजे केवळ शल्यविशारद नव्हे. तेथे शस्त्रक्रियागृहातील परिचारिका असतात, चष्म्याचा नंबर तपासणारे तंत्रज्ञ असतात, शस्त्रक्रियेच्या तारखांची वही सांभाळणारा कारकून असतो, वृद्धांना हाताला धरून नेणारा वॉर्डबॉय असतो, आणि शिकणारे तरुण डॉक्टर असतात. यांतील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: उद्या सकाळी मी कोणाला विचारायचे? रांगेत बसलेल्या आजोबांच्या मनातही तोच प्रश्न असतो. फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. ‘माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आता कोण करणार?’

चेण्यासारख्या ठिकाणाहून मोतीबिंदूच्या रुग्णाला मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पाठवताना तारीख, सोबतीला येणारा नातेवाईक, त्याची रजा आणि घोडबंदरच्या वाहतुकीतून जाण्याची व्यवस्था असे चार दोर एकत्र बांधावे लागतात. त्यांतील एक सुटला की सगळेच पुढे जाते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्याची राहिलेली असेल, तर तर बेचैनी अधिकच. अशा प्रसंगी रुग्णांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो: डॉक्टर बदलले, तरी तुमचा केसपेपर बदलत नाही. डोळ्यात कोणत्या क्रमांकाचे भिंग बसवले त्याची चिकटपट्टी किंवा कार्ड, थेंबांचे वेळापत्रक आणि पुढील तपासणीची तारीख एवढे जवळ असले, की दुसरा नेत्रतज्ज्ञ तेथून पुढचे काम हाती घेऊ शकतो. आणि सर ज. जी. रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली संस्था आहे. तिने कितीतरी मोठी माणसे येताना आणि जाताना पाहिली आहेत. माणसाचे मोठेपण मान्य करूनही, खुर्ची माणसाहून जुनी असते, हे रुग्णाने आणि कर्मचाऱ्याने स्वतःला सांगत राहणे हितकारक असते.

शरीराला अनिश्चितता का सोसत नाही

वाईट बातमी कळली की माणूस रडतो, चिडतो, आणि हळूहळू सावरतो. बातमी चांगली की वाईट हेच कळत नसेल, तर मात्र शरीर पहाऱ्यावर उभे राहते. मेंदू धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत रक्तात साखर सोडते. वाघ समोर आला तर हीच व्यवस्था आपला जीव वाचवते. आमच्या भागाला लागून राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असल्यामुळे बिबट्याचे उदाहरण रुग्णांना चटकन पटते. बिबट्या दिसून निघून गेला तर अर्ध्या तासात छातीची धडधड थांबते. ‘तो आसपास असावा’ एवढेच कळले, तर रात्रभर झोप लागत नाही. व्यवस्थापक गेल्यानंतरचे आठवडे हे असे असतात.

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेला ‘व्हाइटहॉल दोन’ हा अभ्यास वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष त्यात सहभागी होते. आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकाराचा धोका अधिक असणे, यांचा संबंध या अभ्यासातून पुढे आला. त्यातीलच एक निरीक्षण आपल्या विषयाशी अधिक जवळचे आहे. एका खात्याचे खासगीकरण होणार असे ठरल्यावर तेथील कर्मचाऱ्यांची प्रकृती प्रत्यक्ष बदल होण्यापूर्वीच, केवळ त्याची चाहूल लागलेल्या काळात, खालावू लागल्याचे आढळले. नोकरी गेलेली नव्हती. ‘काय होईल’ हा प्रश्न मात्र घरी आलेला होता.

म्हणूनच अशा दिवसांत ज्यांना आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांचे आकडे बिघडलेले दिसतात. काही अंशी हे संप्रेरकांमुळे घडते, आणि बऱ्याच अंशी दिनक्रम मोडल्यामुळे. डबा तसाच परत येतो, चहाचे कप वाढतात, संध्याकाळचे चालणे बंद पडते, आणि ‘आज राहू दे’ म्हणत गोळी चुकते. सुटलेली तंबाखू किंवा सिगारेट याच काळात परत हाताला लागते.

संघात काय बिघडते

चांगला व्यवस्थापक दोन कामे करीत असतो. त्यांतील एकच कागदावर दिसते. काम वाटून देणे हे दिसणारे काम. वरून येणारा दबाव स्वतःच्या अंगावर घेऊन खालच्यांपर्यंत गाळून पोहोचवणे, हे न दिसणारे. कोणाच्या आईचे डायलिसिस कोणत्या वारी असते, कोणाला लोकल चुकल्यामुळे पाच मिनिटे उशीर चालतो, कोणाला रात्रपाळी देऊ नये, हे सारे त्याच्या डोक्यात असते. तो गेला की नियमपुस्तिका उरते आणि सवलत जाते. वृद्ध आईवडिलांची काळजी घेणाऱ्या नोकरदाराला पहिला फटका येथेच बसतो. ‘मंगळवारी मला अर्धा दिवस मिळत असे, हे नव्या माणसाला कसे पटवू?’ असे विचारणारी मुलगी माझ्यासमोर बसते, तेव्हा तिच्या डोकेदुखीचे औषध माझ्या कपाटात नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे अफवा. अधिकृत शब्द येईपर्यंतची पोकळी चहाच्या टपरीवर भरली जाते. ‘कंपनी विकणार आहेत’, ‘साहेबांनी काही तरी केले असणार’, ‘आता आपला नंबर’. तिसरी गोष्ट, सर्वांत कष्टाळू माणसावर दुप्पट ओझे पडते. कोणीही न सांगता तो गेलेल्याचे काम उचलतो आणि दोन महिन्यांनी तोच आजारी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून. सततची दमणूक, कामाविषयी तुटलेपणा आणि हातून काहीच नीट होत नाही ही भावना, अशी त्याची तीन अंगे सांगितली आहेत. याचा अर्थ असा, की केवळ कर्मचाऱ्याला गोळ्या देऊन हे बरे होत नाही. कामाची मांडणीही सुधारावी लागते.

ही मांडणी लवकर सुधारली तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. १० डिसेंबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर उर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. त्यांची मुदत संपायला आणखी काही महिने बाकी होते. देशभर खळबळ माजली. पण दुसऱ्याच दिवशी शक्तिकांत दास यांची नियुक्ती जाहीर झाली आणि १२ डिसेंबरला त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यामागील वाद बाजूला ठेवू. ‘उद्यापासून कोणाला विचारायचे’ याचे उत्तर दोन दिवसांत मिळाले, ही गोष्ट मात्र छोट्या दुकानापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. कायमचा माणूस मिळायला वेळ लागला तरी हरकत नाही. तात्पुरते नाव त्याच दिवशी सांगता येते.

जाणाऱ्याचीही एक बाजू असते

मागे राहिलेल्यांच्या मनात बहुधा राग असतो: ‘आम्हाला टाकून गेले.’ तो स्वाभाविक आहे. परंतु राजीनामा इतरांसाठी अचानक असतो. देणाऱ्याच्या मनात तो पुष्कळ दिवस शिजत असतो. पन्नाशीच्या आसपासचा माणूस एकाएकी नोकरी सोडतो, तेव्हा त्यामागे कधी अपमान असतो, कधी स्वतःचे आजारपण असते, आणि कधी घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आई किंवा विस्मरणाने हरवत चाललेले वडील असतात. कचेरीत त्याने ते कोणाला सांगितलेले नसते. काळजी वाहणाऱ्या वाचकांपैकी काहींनी स्वतःच असा राजीनामा दिला असेल, किंवा देण्याचा विचार चालवला असेल.

त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की निर्णय थकव्याच्या रात्री घेऊ नका. आधी रजा, मग कामाचे तास कमी करणे, मग घरून काम, हे मार्ग विचारून पाहा. नोकरीबरोबर मिळालेला सामूहिक आरोग्यविमा आईवडिलांनाही लागू असेल, तर नोकरी सुटताच तो बहुधा थांबतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन आधीचे लाभ पुढे नेता येतील का, हे राजीनामा देण्यापूर्वीच विचारावे. कारण वय आणि जुने आजार पाहता नवा विमा नंतर महाग पडतो. आणि निघताना शक्य तितका नीट चार्ज द्यावा. मागे राहणाऱ्यांवर तो उपकार असतोच, शिवाय जाणाऱ्याच्या झोपेलाही तो उपयोगी पडतो.

घरातील ज्येष्ठांनी काय करावे

मुलगा, सून किंवा मुलगी अशा कालखंडातून जात असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळ करता येते.

• ‘नोकरी राहील ना?’ हा प्रश्न रोज विचारू नये. त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते, आणि प्रत्येक वेळी विचारल्याने शरीर नव्याने पहाऱ्यावर जाते. त्याऐवजी ‘आज दिवस कसा गेला?’ असे विचारून मिळेल तेवढे ऐकून घ्यावे.

• जेवणाची वेळ सांभाळावी. रात्रीचे जेवण एकत्र आणि मोबाईल दूर, एवढा नियम पंधरा दिवस पाळला तरी फरक पडतो.

• स्वतःच्या अनुभवातून बोलावे, पण उपदेश टाळावा. ‘आमच्या वेळी साहेब गेले तेव्हा मीही घाबरलो होतो’ हे वाक्य औषधासारखे काम करते. ‘एवढ्याने काय घाबरतोस?’ हे वाक्य माणसाला गप्प करते.

• स्वतःच्या गोळ्या, तपासण्या पुढे ढकलू नयेत. ‘त्याला सध्या ताण आहे, माझे राहू दे’ असे म्हणणाऱ्या आईवडिलांचीच प्रकृती बिघडली, तर ताण दुप्पट होतो.

• सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा उत्साह हरपलेला असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. छातीत दाब, धाप, घाम किंवा डाव्या हातात अथवा जबड्यात कळ आली, तर ‘ताणामुळे असेल’ म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. ज्येष्ठांच्या स्वतःच्या अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

असाच एक संघ आपल्या घरातही असतो

शेवटचा मुद्दा अधिक जवळचा आहे. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला किंवा विस्मरणाचा रुग्ण आहे, त्या घरातही एक संघ काम करीत असतो. दिवसाच्या मावशी, रात्रीचे मामा, फिजिओथेरपिस्ट, औषधवाला, कुटुंबाचे डॉक्टर, आणि या सर्वांना जोडणारी एक व्यक्ती. ही बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी असते. तिला कोणी व्यवस्थापक म्हणत नाही, परंतु इन्सुलिनची मात्रा, पथ्य, बिल आणि ब्युरोचा फोन हे सारे तिच्याच डोक्यात असते. ती घसरून पडली, तिला डेंग्यू झाला, किंवा ती नुसती थकून गेली, तर त्या घरातही सोमवारची रिकामी खुर्ची दिसू लागते. मावशींनी एकाएकी काम सोडले, की तसेच होते. ब्युरोतील जुन्या पर्यवेक्षिका गेल्या, की रोज नवा चेहरा येऊ लागतो, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्या नव्या चेहऱ्याला घाबरून जेवण नाकारतो.

रुग्णालयात रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी उभी राहून ‘ओव्हर’ देते: या रुग्णाला ताप आला होता, त्याचे सलाईन सकाळी संपेल, तिसऱ्याला पेनिसिलिन चालत नाही. घरासाठीही अशी एक वही असावी. दोनशे पानी साधी वही पुरते. पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, वय, आजार आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. दुसऱ्या पानावर औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहाव्यात. बदल झाला की जुनी ओळ खोडून तारीख घालावी. तिसऱ्या पानावर डॉक्टर, रुग्णवाहिका, औषधवाला, ब्युरो आणि दोन शेजारी यांचे क्रमांक. चौथ्यावर विम्याचे कार्ड, आधारकार्ड आणि जुने रिपोर्ट कोठे ठेवले आहेत ते. पाचवे पान रुग्णाच्या सवयींसाठी राखावे: चहा किती गोड, दिवा चालू ठेवून झोपतात की बंद, कोणत्या नावाने हाक मारली की शांत होतात. नव्या माणसाला या पाचव्या पानाचा उपयोग सर्वांत अधिक होतो. त्यापुढील पानांवर रोजच्या नोंदी येतील.

वही लिहून झाल्यावर घरातील दुसऱ्या एका व्यक्तीने महिन्यातून एक दिवस सारी जबाबदारी त्या वहीच्या आधारे सांभाळून पाहावी. त्या दिवशी मुख्य काळजीवाहकाने खरोखर सुट्टी घ्यावी. वहीत काय राहून गेले ते त्याच दिवशी कळते, आणि एकटीवर पडलेले ओझे किती आहे, हेही घराला कळते. नव्या मावशी येणार असतील, तर शक्य असल्यास जुन्या मावशींबरोबर एक-दोन दिवस त्यांना एकत्र ठेवावे. विस्मरणाच्या रुग्णाला ‘त्या का गेल्या’ याचे लांबलचक कारण सांगत बसू नये. ‘आजपासून या तुमच्यापाशी असतील’ एवढे शांतपणे, गरज पडेल तितक्या वेळा सांगावे, आणि बाकी दिनक्रम जसाच्या तसा ठेवावा.

माणसे जाणार, कधी निरोप घेऊन आणि कधी न घेता. ते आपल्या हाती नसते. मात्र त्यांच्या डोक्यात असलेले कागदावर उतरवणे, आणि मागे राहिलेल्यांना ‘उद्यापासून हे काम कोण पाहील’ हे वेळेवर सांगणे, एवढे प्रत्येक कचेरीच्या आणि प्रत्येक घराच्या हाती असते. आपल्या घरातील वही या आठवड्यात सुरू करावी. पहिले पान ज्येष्ठांनी स्वतःच्या हाताने लिहिले, तर अधिक चांगले. आपल्या औषधांविषयी आपल्याला किती ठाऊक आहे, याचीही त्यानिमित्ताने परीक्षा होईल.